काचेवर राहिलेला कागद

तो परत आलाय. आज पहाटे गॅलरीचं दार उघडलं आणि डोळ्यांआधी नाकाला कळलं. दिवाळीचे कंदील अजून उतरवलेले नाहीत, हवेत जेमतेम गारवा आहे, समोरच्या टॉवरचे वरचे मजले धुरक्यात बुडालेत, आणि त्या धुरक्यातून तो वास आमच्या बोनकोडे गावात उतरलाय. कुणाला तो सडक्या कोबीसारखा लागतो, कुणाला जळक्या रबरासारखा. मला विचाराल तर बंद पडलेल्या फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा.

"आला का गो तो?" आईने आतून विचारलं.

"आला."

"मंग धुनं आत घे. कपऱ्यांना लागला का दिवसभर जात नाय."

आमच्याकडे वासाला 'तो' म्हणतात, घरच्या नकोशा पाहुण्याला म्हणावं तसं. दिवाळीनंतर येतो, होळीपर्यंत मुक्काम. पहाटे वारा पडला की खाली बसतो आणि दहाच्या सुमारास उन्हाबरोबर निघून जातो. कुणी म्हणतं तळोज्याच्या कारखान्यांकडून येतो, कुणी म्हणतं खाडीतला गाळच तसा. खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. सोसायट्यांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी शंभर मेसेज, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा गुड मॉर्निंगची फुलं. माणसाला कशाचीही सवय होते, ही गोष्ट मला लहानपणी चांगली वाटायची. आता तिची भीती वाटते.

लोकांचा हिवाळा म्हणजे हुरडा, तिळगूळ, कपाटातून निघालेल्या शाली. माझा हिवाळा म्हणजे हा वास, आणि वासाबरोबर आठवणारा तीन वर्षांपूर्वीचा एक हिवाळा. त्या वर्षीच्या सगळ्या सकाळी माझ्या डोक्यात एकच रंग धरून बसल्यात, लाल पेन्सिलीचा.

जिथे आमचं भाताचं खळं होतं तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर माझा गाळा. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी टायपिंग. भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा, दहाव्या-बाराव्याची निमंत्रणं. या धंद्यात एक शिस्त लागते: हातांनी कागद धरायचा, डोळ्यांनी धरायचा नाही. गावातल्या कुठल्या घरात वाटणीवरून भांडण आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीने कोर्टात अर्ज दिला, सगळं माझ्या काचेवरून जातं. मी कुणाला बोलत नाही. पण वाचत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. डोळ्यांना कोण अडवणार?

आणि या धंद्यातली सगळ्यात ठरलेली चूक म्हणजे, लोक नकला मोजून घेतात, पिशवीत घालतात, सुट्टे परत घेतात आणि अस्सल कागद झाकणाखाली काचेवर विसरून जातात. माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये असले कागद पडून असतात. आधारकार्डं, गुणपत्रिका, एकदा तर कुणाचा तरी जन्मदाखला. काही आठवडाभराने धापा टाकत येतात. काही कधीच येत नाहीत, नकलेवर त्यांचं भागत असावं.

सर दर मंगळवारी यायचे. सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या ओळीत राहायचे ते आणि काकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. कागद वाया जायला नको म्हणून माझ्याकडून एका बाजूला छापलेले रद्द कागद घेऊन जायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणायचे. त्यामुळे सरांच्या लेखाच्या पाठीमागे कधी कुणाचा भाडेकरार असायचा, कधी पाणी बंदची नोटीस.

लेख छोटेच, तीन-चार पानांचे. देवावरचे म्हणावेत तर देवाचं नाव एखाद्या वेळीच यायचं. श्रद्धेवर, प्रेमावर, माणसाच्या आतल्या जागेवर. पहिल्यांदा टाइप केला तेव्हा मी म्हटलं, "सर, हे भजनी मंडळाला झेपणार नाही आणि कॉलेजच्या पोरांनापण नाही. वाचणार कोण?"

"कुणीतरी एक," सर म्हणाले. "एक पुरे."

आणि खरंच तसंच करायचे. प्रत्येक लेखाच्या पाच प्रती. वर नाव नाही, खाली सही नाही. एक दवाखान्याच्या बाकावर, एक न्हाव्याकडे, एक तलावाकाठच्या कट्ट्यावर दगडाखाली, अशा ठेवून यायचे. कट्ट्यावरच्या प्रतीत मी स्वतः एकदा शेंगदाणे बांधलेले पाहिलेत. सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "शेंगदाणे खाताना वाचला असेल ना?"

छापण्याआधीचं प्रूफ मात्र काकू तपासायच्या. काकूंचे वडील कोकणातल्या एका गावात शाळामास्तर, आणि पोरांच्या वह्या तपासायला घरात काकूच. शिक्षण सातवीपर्यंत, पण वडिलांमुळे इंग्रजीही वाचायच्या, आणि नजर अशी की माझी एक वेलांटी सुटायची नाही. मंगळवारी सर हस्तलिखित द्यायचे, बुधवारी भाजी घेऊन परतताना काकू माझ्याकडून प्रुफाचं पाकीट न्यायच्या आणि शुक्रवारी लाल पेन्सिलीच्या खुणा करून आणून द्यायच्या. पेन्सिल त्यांच्या पर्समध्ये, रबरबँडने चष्म्याच्या घराला बांधलेली असायची. "अगो वैशाली, तुझ्या मशीनला जोडाक्षर कळत नाही, तुला तरी कळू दे," असं म्हणून पिशवीतलं एखादं सीताफळ माझ्या टेबलावर ठेवायच्या.

सरांची सगळी वाक्यं मला कळत होती असं नाही. मला टायपिंग कळतं. पण टाइप करताना एखादं वाक्य बोटांत राहतं, जेवताना, दळण आणताना पुन्हा आठवतं. त्या हिवाळ्यात त्यांनी प्रेमावर एक लेख लिहिला होता. त्यात होतं: 'प्रेम करणाऱ्याच्या हातून अनेक चुका होतात आणि त्या सगळ्या माफ होतात. एकच होत नाही, दुसऱ्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकणं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या वाट्याचं दुःख आपण लपवून ठेवलं, तर आपण त्याचं घर चोरलं.'

तो लेख घेऊन ते आले त्या मंगळवारी वास फार होता. दुपारी बारा वाजले तरी हटलेला नव्हता. गाळ्याचं शटर मी अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं आणि ट्यूबलाइट दिवसाच लावली होती. सर आत आले, लेख दिला, आणि मग पिशवीतून एक खाकी पाकीट काढलं. आतल्या कागदाच्या दोन प्रती हव्या होत्या. नेहमी काउंटरच्या पलीकडे थांबणारा माणूस त्या दिवशी आत येऊन मशीनपाशी उभा राहिला. कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काचेवर पालथा ठेवला आणि झाकणावर तळवा दाबून धरला.

प्रती बाहेर आल्या तेव्हा त्या उलट करून द्यायला हव्या होत्या मी. माझे डोळे पोचले होते. काकूंचं नाव, पुढे वय सदुसष्ट, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. दवाखान्याचे कागद रोज पाहणाऱ्या बाईला त्या दोन ओळींचा अर्थ विचारावा लागत नाही. काकूंचा खोकला मला दिवाळीच्या आधीपासून ऐकू येत होता. त्या म्हणायच्या वासामुळे आहे. सगळ्यांनाच होता, म्हणून कुणाला वेगळा ऐकू आला नाही.

"तिला सांगितलेलं नाही," सर म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "सांगून उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. फार पुढे गेलंय. मग उगाच…"

त्यांनी प्रती पाकिटात घातल्या आणि निघून गेले. छत्री विसरतील, चष्मा विसरतील, असा माणूस. अर्ध्या तासाने भाडेकराराची बाई आली, मी झाकण उचललं, आणि अस्सल रिपोर्ट काचेवर होता.

इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फोन करायला हवा होता. नंबर भिंतीवर लिहिलेला होता. ड्रॉवरमध्ये ठेवायला हवा होता. संध्याकाळी लेख टाइप करून झाल्यावर मी तो रिपोर्ट घडी करून प्रुफाच्या पाकिटात घातला, लेखाच्या खाली. मनात म्हटलं, सरांचा आहे, सरांच्या घरी जाईल. पाकीट बुधवारी काकू नेतात, काकूच उघडतात, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मग चूक झाली की मी केली? नुकताच तो लेख टाइप केला होता, घर चोरण्याचा. सरांचा राग आला होता मला. एवढं लिहिता, आणि स्वतःवर आलं तेव्हा? पण त्या रागात मीही तेच केलं. काकूंच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं.

बुधवारी काकू आल्या, पाकीट पिशवीत मेथीवर ठेवलं आणि गेल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. गिऱ्हाईक होतं समोर, ते दहा रुपयांची नोट पुढे करत होतं, आणि मी नोट घेतली.

गुरुवारी माझं कामात लक्ष नव्हतं. एका लग्नपत्रिकेवर मी मुहूर्त चुकवला. दर वेळी चपलांचा आवाज आला की मी दाराकडे बघायचे. रस्त्यापलीकडच्या होल्डिंग पाँडमध्ये, भरतीचं पाणी अडवायच्या तळ्यात, त्याच दिवशी मासे मरून वर आले होते, पांढरी पोटं वर करून, आणि लोक मोबाइलवर फोटो काढत होते. आई म्हणाली, "पान्याला काय झालाय कोन जाने." मला वाटलं, सगळं मीच केलंय.

शुक्रवारी काकू आल्या. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या निळ्या साडीत. पाकीट टेबलावर ठेवलं. सीताफळ ठेवलं. स्टुलावर बसून खोकला शमेपर्यंत थांबल्या.

"बघून घे," म्हणाल्या.

प्रुफावर सात खुणा होत्या. दोन अनुस्वार, एक ऱ्हस्व-दीर्घ, एक राहिलेला स्वल्पविराम, असं किरकोळ. खाली रिपोर्ट. त्यावर एकच खूण होती. वयाच्या जागी सदुसष्टवर लाल काट, आणि समासात त्यांच्या स्वच्छ अक्षरात: ६९.

मी तो आकडा परत वाचला. काकूच बोलल्या.

"त्यांना कळू देऊ नकोस हो मला कळलंय ते. त्यांचं लिहून होऊ दे. मी बोलले तर ते लिहायचे थांबतील, मी ओळखते त्यांना. लिहून झालं की मग काय ते सांग, तोवर नको."

"पण काकू, औषधं?"

"घेते ना. ते जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून देतात, मी जीवनसत्त्वाच्या म्हणून घेते." आणि हसल्या. हसताना खोकला आला. "हा कागद तुझ्याकडेच ठेव. घरात सापडला तर घोटाळा."

ते वय मी छपाईची चूक समजले. दवाखान्यातल्या कारकुनाने चुकीचं टाकलं, मास्तरांच्या मुलीने दुरुस्त केलं. मरणाच्या कागदावरसुद्धा यांना चूक खपत नाही, एवढंच वाटलं मला. कागद खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर आले. वास इतका की त्यांनी रुमाल नाकाला धरलेला. "वैशाली, माझा एक कागद इथे राहिला का ग?"

मी म्हटलं, "नाही सर."

"काचेवर?"

"नाही."

"नक्की ना?"

त्या हिवाळ्यात त्यांनी मला हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. मला आधी कळलंच नाही की मी त्यांना कुठे ढकललंय. कागद माझ्याकडे नाही म्हणजे घरात कुठेतरी आहे, आणि घरात आहे म्हणजे तिच्या हाताला लागेल. ते रोज घर उलथंपालथं करत असणार, तिच्या नकळत. रोज तिच्या चेहऱ्याकडे पाहत असणार, कळलं का हिला? आणि ती रोज त्यांच्यासमोर चहा ठेवत असणार, काहीच न कळल्याच्या चेहऱ्याने. दोघांचं बैठं घर, दोनच खोल्या. त्यात ती दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि त्या गोष्टीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

लेख येतच राहिले. काकूंच्या खुणा हलक्या होत गेल्या, रेघ कापरी झाली, पण सुटलं काही नाही. संक्रांतीनंतर त्या आल्या नाहीत, पाकीट सर न्यायचे, सर आणायचे. एका लेखात होतं, 'श्रद्धा म्हणजे दार बंद असताना उंबऱ्यावर बसून राहणं. आत कुणी आहे याचा पुरावा मागितला की आपण उंबऱ्यावरून उठलोच.' त्यावर लाल पेन्सिलीची एकही खूण नव्हती. समासात फक्त 'छान' लिहिलं होतं, वहीवर देतात तसं.

होळीच्या आधी काकू गेल्या. दोन-चार दिवसांनी वारा फिरला आणि वासही गेला. सरांनी लिहिणं थांबवलं. 'लिहून झालं' ते असं नव्हतं. मध्येच तुटलेलं होतं, म्हणून मी गप्प बसले. खरं सांगू? सुटल्यासारखंही वाटलं. सांगायचं म्हणजे आधी तीन वेळा खोटं बोलले ते सांगायचं. सर रस्त्यात भेटले की मी पलीकडे बघायचे.

पुढच्या वर्षी एक बाई मुलीचा बायोडेटा टाइप करायला आली. जन्मतारखेशी थांबून हळूच म्हणाली, "दोन वर्सं कमी टाक ना. मुलगा एका वर्सानी ल्हान हाय तिच्याहून. त्यांची मानसं बोलतील, नवरी मोठी कशी." मी टाइप करत होते. बोटं थांबली. सरांचं रेशनकार्ड, काकूंचं आधार, मतदार यादीचा उतारा, सगळ्याच्या झेरॉक्स माझ्याच मशीनवर झालेल्या. सगळीकडे काकूंचं वय तेच होतं, रिपोर्टावर होतं तेच. कारकुनाची चूक नव्हती. घरातल्या एकाही कागदावर नसलेलं वय काकूंनी त्या एका कागदावर लिहून ठेवलं होतं. त्या वर्षी सर अडुसष्ट वर्षांचे होते.

काल सर आले. तीन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झालेत. एका हातात चार पानं, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला गठ्ठा.

"हा शेवटचा. एकच प्रत काढ, मला हवी आहे. आणि हे सगळं रद्दीत दे."

गठ्ठ्यात जुनी प्रुफं होती, लाल खुणांची. मी म्हटलं, "सर, ही काकूंची…"

"म्हणूनच. मी लिहीत होतो ते खोटं होतं, आणि ती बिचारी त्याचं शुद्धलेखन तपासत होती. देवापुढे दिवा लावत नाही मी आता. हात जात नाही."

ते उद्या येतो म्हणून गेले. मी रात्रीचं जेवण होण्याआधी ती चार पानं टाइप केली. त्यात काकू होत्या. नाव न घेता. 'चव्वेचाळीस वर्षं जिने माझ्यापासून काही लपवलं नाही, तिच्यापासून मी तिचंच मरण लपवलं. ती अंधारात गेली आणि तो अंधार मी केला. ज्याने हे केलं त्याने प्रार्थना करू नये.' शेवटी त्यांनी कधी नव्हे ती सही केली होती. मी त्या सहीकडे बघत बसले. त्यांचं लिहून झालं होतं.

म्हणून आज पहाटे तो परत आला तेव्हा मी जागीच होते. शटर लवकर उघडलं. साडेआठला, वास अजून रस्त्यावर बसलेला असताना, सर आले. मी प्रत पाकिटात घातली नाही. समोर ठेवली, आणि तिच्यावर खालच्या ड्रॉवरमधला कागद ठेवला.

"हा काचेवर राहिला होता. मी खोटं बोलले सर. तेव्हाच काकूंच्या हातात गेला होता, माझ्याकडून. त्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. तुमचं लिहून होईपर्यंत सांगू नको म्हणाल्या."

मला वाटलं रागावतील. रागावायला हवं होतं. त्यांनी कागद हातात धरला आणि लाल खुणेवर त्यांची नजर अडली. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. आकडा समजायला मात्र वेळ लागला. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, एकाने आधारकार्ड पुढे केलं, मी हातानेच थांबवलं.

"एकोणसत्तर," सर म्हणाले. मग आकड्यावर बोट ठेवून, "म्हणजे ती माझ्याहून मोठी होती."

मी मान हलवली.

"आणि दर पाडव्याला ओवाळून माझ्या पाया पडायची."

ते हसताहेत की काय ते मला कळेना. मी स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला, हाताने सरळ केला. दाराशी जाऊन चपला काढल्या. परत आले, आणि मशीन, गिऱ्हाइकं, मी, सगळ्यांसमोर वाकून त्या कागदावर कपाळ टेकवलं.

खूप वेळ उठले नाहीत. मागच्या माणसाने पुढे केलेलं आधारकार्ड खिशात घातलं आणि चपला काढल्या.